गल्लीकडच्या दाराची व्यवस्था

मी, मैनाबाई वामनराव पोहोकार, वय आधार कार्डाप्रमाणे एकाहत्तर व माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे त्याहून थोडे जास्त, धंदा घरकाम व शेती, राहणार मौजे सावळखेड, तालुका भातकुली, जिल्हा अमरावती, आज माझ्याच घराच्या ओसरीत बसून माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघ्यांची गरज नसते असे डॉक्टर अंकुर ढोले म्हणाले आणि तपासून तसा दाखला त्यांनी जोडला आहे.

अमरावतीच्या वकीलसाहेबांनी मला छापील नमुना दिला होता. तो मी नीट वाचला. त्यात स्थावर होते, जंगम होते, वारस होते, फक्त संडास नव्हता. म्हणून कलमांची रीत त्यांची ठेवून मजकूर माझा मी लिहिला आहे. अक्षरही माझेच आहे. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. पुढचे वाचन किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि यजमानांनी आणलेली शेतकीची पुस्तके यांवर झाले.

मृत्युपत्र करण्याचे कारण असे. मागच्या पोळ्याच्या दिवशी माझा धाकटा मुलगा कुलदीप जेवता जेवता म्हणाला, "आई, तू हाय तोवर राहू दे. तुह्या मागं मी ते गॅसची टाकी बुजवतो अन् गल्लीकडून दोन गाळे काढतो."

मी विचारले, "अन् बाया कुठं जातीन?"

"ज्याच्या त्याच्या घरी संडास हाय आता. सरकारनं देल्ले."

तो रागाने बोलला असता तर मी सोडून दिले असते. तो शांतपणे पोळीवर तूप घेत बोलला. म्हणून हा कागद.

कलम पहिले. शेत यजमानांनी हयातीतच दोन्ही मुलांना वाटून दिले आहे, त्याबद्दल येथे काही लिहायचे नाही. घर व मागचे आवार मात्र माझ्या नावाचे आहे. माहेरून आलेले डागिने मोडून ते माझ्या नावाने खरेदी केले. पुढचे दार चौकाकडे उघडते. मागे गल्लीला लागून एक पट्टी आहे. तिच्यात म्हशीचा गोठा, गॅसची विहीर, विहिरीवर गॅस भरला की वर उचलणारी लोखंडी टाकी आणि दोन संडास आहेत. एका संडासाचे दार आमच्या अंगणात उघडते. दुसऱ्याचे गल्लीत. या कागदातले भांडण त्या दुसऱ्या दाराचे आहे.

कलम दुसरे. ही व्यवस्था कशी झाली ते लिहिते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी नाक मुरडले तर त्याने आधी हे वाचावे. आमच्याकडे बैलांची जोडी आणि दोन म्हशी होत्या तेव्हा यजमानांनी गोबरगॅस बांधला. गावातले डोमाजी खंडारे गवंडी होते, विहीर त्यांनी बांधली. पुढे ट्रॅक्टर आला. बैल विकले, एक म्हैस विकली. शेण कमी झाले, टाकी खाली बसली, गॅस सकाळच्या चहापुरताही पुरेना. यजमान त्या वर्षी अकोल्याच्या शेतकी मेळाव्याला गेले आणि तिथून एक पुस्तक घेऊन आले. संध्याकाळी ते मी त्यांना वाचून दाखवले. संडासाचा नळ थेट गॅसच्या विहिरीत सोडता येतो, माणसाच्या मैल्यापासून तसाच गॅस निघतो, ज्योतीला वास येत नाही, असे त्यात लिहिले होते.

यजमान म्हणाले, "म्हणजे जनावरं गेले तं माणसं हायेतच."

मी म्हटले, "लोक थुंकतीन आपल्यावर."

ते म्हणाले, "थुंकू दे. तेही टाकीत जाईन."

असे ते बोलायचे. पुढे पाहुण्यांना चहा देताना म्हणायचे, "घ्या भाऊ, अन् जाताना आमच्या टाकीले काही देऊन जा." अर्धे लोक हसायचे, अर्धे कप खाली ठेवायचे.

कलम तिसरे. सुरुवातीला गॅस धरेना. आमचा भाग खारपाण्याचा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी आम्ही संडासात आणि टाकीत ओतत राहिलो. पुस्तक लिहिणाऱ्याने आमच्या गावचे पाणी प्यालेले नव्हते, त्यामुळे त्यात याबद्दल काही नव्हते. शेवटी नळाचे गोडे पाणी टाकून पाहिले तेव्हा टाकी उचलली. पण नळ दिवसाआड यायचा आणि गोडे पाणी पिण्यापुरतेही पुरत नसे. ते संडासात ओततो म्हणून गावात बोंब झाली. तेव्हापासून माझ्या घरी तांदूळ धुतलेले, डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी सांडत नाही. ते एका पिंपात जमा होते आणि तेच तिकडे जाते. ही रीत पुढेही पाळावी.

कलम चौथे. घरची माणसे चार आणि म्हैस एक. टाकीला ते कमी पडे. तेव्हाच गोदरीकडून, म्हणजे गावाच्या हागणदारीकडून, जाणारा रस्ता डांबरी झाला. बाया पहाटे तिकडे बसायच्या आणि गाडीचा उजेड पडला की उठून उभ्या राहायच्या. मीही त्यांच्यात उभी राहिले आहे. यजमानांनी गल्लीकडून दुसरा संडास बांधला, आतून कडी लावली आणि गल्लीतल्या बायांना सांगायला मला पाठवले. मी म्हटले, काय सांगू? ते म्हणाले, "सांग, उपकार नाई करून राहिलो. आमाले गरज हाय."

बाया येऊ लागल्या. प्रत्येकीने आपले, तांदूळ-डाळ धुतलेले का होईना, गोडे पाणी आणायचे, फिनेल-ॲसिड टाकायचे नाही, कपडा किंवा पॅड आत सोडायचे नाही, एवढेच नियम. आता सरकारी संडास झाले आहेत हे खरे. कुलदीपने एकदा आत डोकावून पाहावे. कोणाच्यात जनावरांचे कुटार भरले आहे, कोणाच्यात जळणाच्या पऱ्हाट्या. खड्डा भरला तर उपसणार कोण, या भीतीने बाया त्यांना हात लावत नाहीत. आमच्या टाकीत खड्डा भरत नाही. मळी बाहेर येते, पालापाचोळ्यात कुजते आणि मग वावरात जाते.

कलम पाचवे, माझ्या मोठ्या जाऊबाई भागीरथाबाई यांच्याविषयी. त्यांचे घर आमच्या भिंतीला भिंत लागून आहे. संडास जोडला त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "मैने, त्या गॅसवर पुरण शिजवशीन अन् देवीले दाखवशीन? माह्या देखत नाई." महालक्ष्म्यांचे मुखवटे त्यांनी पदरात गुंडाळले आणि आपल्या घरी नेले. तेव्हापासून महालक्ष्म्या त्यांच्याकडे बसतात आणि मी पाहुणीसारखी जेवायला जाते. त्या आमच्याकडे पाणी पितात, पण चहा घेत नाहीत. मला हे फार वर्षे लागून राहिले. यजमानांना नाही. ते म्हणाले, "देवी भिंतीपलीकडं गेली, गाव सोडून नाई गेली."

मुखवट्यांवर मी हक्क सांगत नाही. माझ्या दोन्ही सुनांनीही सांगू नये.

भागीरथाबाई गल्लीकडच्या दाराने कधी आल्या का, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. यजमानांनी मला ताकीद दिली होती, "तुले माहीत नाई, मलेही माहीत नाई." मी ती पाळली.

कलम सहावे. थोरला मुलगा श्याम अकोल्याला नोकरी करतो. तो स्वभावाने चांगला आहे. एकदा त्याचे साहेब घरी आले होते. चहा पिऊन ते म्हणाले, छान झाला. श्यामने घाईने सांगितले की आमच्याकडे सिलेंडर आहे. मी आत उभी होते. चहा बिघडला असता तर त्याने खरे सांगितले असते, हे मला लागले. पण तेवढ्यासाठी त्याचा वाटा कमी करत नाही. घराच्या पुढच्या खोल्या, ओसरी आणि चौकाकडची जागा श्याम आणि कुलदीप यांना निम्मी निम्मी द्यावी. पोस्टात आणि बँकेत जे असेल ते कुलदीपची मुलगी आचल हिच्या शिक्षणाला द्यावे. माझी पुस्तकांची पेटीही तिलाच. तिने ती वाचली पाहिजेत अशी सक्ती नाही.

कलम सातवे, माझी धाकटी सून रागिणी हिच्याविषयी. ती परतवाड्याच्या बाजारातल्या घरातून आली. पहिल्याच वर्षी श्याम कुटुंब घेऊन येणार म्हणून तिने संडास घासायला ॲसिडची बाटली ओतली. वाईट हेतू नव्हता. फरशी आरशासारखी झाली आणि चार दिवसांत गॅस मेला. मी तिला गल्लीला ऐकू जाईल असे बोलले. यजमानांनी तिला टाकीपाशी नेले आणि म्हणाले, "पोरी, याच्यात जीव असते. डोळ्याले दिसत नाई, पण मारलं तं मरते." दुसऱ्या दिवशी ती डोमाजींच्या गोठ्यातून शेणाच्या पाट्या डोक्यावर आणू लागली. टाकी पुन्हा उचलेपर्यंत तिने आणल्या. मला एका शब्दाने उलट बोलली नाही. मी बोलले असते तिच्या जागी.

मग तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. झोपेतच गेले. घरी माणसांचा ओघ लागला. सुतकात आमच्याकडे घरची चूल पेटत नाही, जेवण भाऊबंदांकडून येते. पण आलेली माणसे संडासाला जातच होती. गॅस जळत नव्हता आणि टाकी भरत होती. ती इतकी वर आली की तशी मी कधी पाहिली नव्हती. कडेने बुडबुडे फुटू लागले, वास सुटला. बाहेर बसलेले पुरुष नाकाला रुमाल लावत होते. उठून पाहणारा माणूस त्यांच्यात नव्हता, तो गेला होता.

रागिणी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, टाकी काठाले आली. हवेत सोडून देऊ का जाळू?"

त्या दिवसांत सगळ्यांनी मला धीर दिला होता. काम कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "जाळ."

तिने शेगडी पेटवली आणि आलेल्या बायांसाठी चहा ठेवला. भागीरथाबाई दारातूनच ओरडल्या, "सुतकात आग पेटवली व? येवढी तलफ आली होती का चहाची?"

रागिणी म्हणाली, "मोठीमाय, लोकायनं येवढं देल्लं, ते वाया कसं जाऊ देऊ?"

कोणीतरी फिसकन हसले. मग दुसरी हसली. यजमानच बोलल्यासारखे वाटले सगळ्यांना. मी शेगडीपाशी जाऊन बसले. निळी ज्योत सरळ जळत होती. मला रडू आले नव्हते ते तेव्हा आले.

कलम आठवे, आणि मुख्य. गल्लीला लागून असलेली पट्टी, म्हणजे गोठा, विहीर, टाकी, दोन्ही संडास आणि मळीचा खड्डा, तसेच ढवळायचा बांबू, घमेली आणि टाकीला लावायच्या काळ्या रंगाचा डबा, हे सर्व मी रागिणी कुलदीप पोहोकार हिला देते. ते तिच्या एकटीच्या नावावर चढवावे.

हे लिहिण्याआधी मी तिला विचारले. ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "आई, तुमी देता अन् जाता. झाडू माह्याच हाती येते. आचलले शाळेत पोरी काय म्हणतात माहीत हाय? गॅसवाली." मी म्हटले, मग नको घेऊ. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घेते. पण साफसफाईची पाळी लावा. ज्या येतीन त्या सगळ्या धुतीन." हे रास्त आहे. आठवड्याची पाळी लावावी आणि रागिणीलाही इतरांइतकीच एक पाळी असावी.

कुलदीपला कळले तेव्हा तो म्हणाला, "पोराले सोडून सुनेच्या नावावर? लोक काय म्हणतीन मले?"

मी म्हटले, "तू बुजवतो म्हणाला म्हणून. रागिणी नाई म्हणाली तसं."

"अन् मी तिले बुजवाले लावलं तं?"

रागिणी आतून म्हणाली, "लावून पाहा."

कलम नववे. टाकी लोखंडाची आहे, आज ना उद्या गंजेल. रागिणी थकली, म्हैस विकली, गॅस नको झाला तर तिने टाकी खुशाल बंद करावी आणि सिलेंडर वापरावा. मेलेल्या माणसाच्या हौसेसाठी जिवंत बाईने शेण ढवळत बसू नये, माझ्याही नाही आणि यजमानांच्याही नाही. गल्लीकडच्या दाराचे मात्र तसे नाही. आज ज्या बाया त्या दाराने येतात त्यांना, त्यांच्या मुलींना आणि सुनांना त्या दाराने येण्याजाण्याचा हक्क मी या कागदाने देते. पट्टी पुढे कोणाकडेही गेली तरी हा हक्क तिच्यासोबत जाईल. दार बंद करायचे झाले तर आधी त्या बायांना विचारावे, आणि विचारताना पुरुषांनी बाजूला जाऊन उभे राहावे.

कलम दहावे. माझे दिवस साधेच करावेत. तेरवीचा स्वयंपाक याच गॅसवर करावा अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही. ज्याला जेवायचे नसेल त्याला आग्रह करू नये.

कलम अकरावे. हे कलम सह्या करण्यापूर्वी, आज सकाळी, मागच्या आवारात सगळ्यांसमोर वाढवले आहे.

वकीलसाहेब साक्षीदार विचारू लागले तेव्हा कुलदीप म्हणाला, "मोठीमायची सही घ्या. घरात ते सगळ्यात मोठी हाय. अन् तिचा त्या दाराशी काही संबंध नाई, तिनं त्या गॅसचा चहाबी कधी घेतला नाई." त्याच्या मनात काय होते ते मला कळले. भागीरथाबाईंची साक्ष पडली की उद्या तो म्हणणार, पाहा, आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या बाईलाही ते दार लागत नव्हते. पण मोठ्या जाऊला नको कसे म्हणायचे? समोरच्या घरची खुशीची आई दुसरी साक्षीदार ठरली.

वकीलसाहेबांनी दोघींना समजावले. या कागदातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याला मिळालेले जाते. मग त्यांनी रीतीप्रमाणे भागीरथाबाईंना विचारले, "आजी, गल्लीकडच्या दाराचा वापर तुम्ही करत नाही ना?"

गल्लीतल्या बाया भिंतीशी उभ्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही. कुलदीपने पेन उघडून भागीरथाबाईंच्या हातात दिले होते.

भागीरथाबाईंनी विचारले, "सही केली तं जाणं बंद होईन का?"

वकीलसाहेब म्हणाले, "तुमचा हक्क राहणार नाही."

"मंग नाई करत." त्यांनी पेन कुलदीपच्या खिशाला लावून दिले. "तोंड काहून वासलं बे? येते मी. तुहा बाप होता तवापासून येते. त्याले माहीत होतं. तुह्या मायलेबी माहीत हाय, पण हे मैना बोलली नाई कधी." मग वकीलसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "लिवा माहं नाव. भागीरथा नारायणराव पोहोकार. वरती लिवा, मी मोठी हाय."

तेव्हा नवव्या कलमातला हक्क मिळणाऱ्या बायांची नावे या कागदाला जोडून लिहायची असे ठरले आणि पहिले नाव भागीरथाबाईंचे घातले. ते पाहून खुशीची आई मागे सरकली आणि म्हणाली, "मंग माहंही लिवा, मी काहून सही करू?" तिच्यामागून बाकीच्याही पुढे आल्या. ज्यांच्या घरी सरकारी संडासाला कुलूप आहे त्याही आल्या, ज्यांचे नवरे पारावर बसून आमच्या गॅसची टिंगल करतात त्याही आल्या. नावांचा कागद वेगळा जोडला आहे. त्यावर प्रत्येकीने स्वतः सही किंवा अंगठा केला आहे.

थोड्या वेळाने कुलदीपने बायांना बसायला सतरंजी आणून टाकली.

याप्रमाणे आमच्या गल्लीत साक्षीदार होण्याजोगी एकही बाई उरली नाही. म्हणून साक्षीदार गल्लीबाहेरचे, व पुरुष, घ्यावे लागले. त्या दोघांना या कागदातून काहीही मिळत नाही.

हे सर्व मी वाचले, मला समजले, आणि मला मान्य आहे.

स्थळ: मौजे सावळखेड, ता. भातकुली, जि. अमरावती
दिनांक: २ डिसेंबर २०२४

लिहून ठेवणार:
(सही) मैनाबाई वामनराव पोहोकार

साक्षीदार:
१. (सही) डोमाजी गणपत खंडारे, गवंडी, राहणार वरचा मोहल्ला, सावळखेड
२. (सही) डॉ. अंकुर ढोले, राहणार अमरावती